नवोदय विद्यालयाचा प्रवेशअर्ज : आगरदांडा परिसराच्या संदर्भात

इंग्लंडमध्ये ज्यांना ग्रामर स्कूल म्हणतात त्या शाळांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या अभ्यासक्रमात नसून प्रवेशाच्या पद्धतीत आहे. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची परीक्षा घेऊन थोड्यांना या शाळांत व बाकीच्यांना इतर शाळांत पाठविण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. १९६५ नंतर बहुतेक ठिकाणी ती मोडली. तथापि केंट, बकिंगहॅमशर अशा काही भागांत ती टिकून आहे आणि इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळा आजही चालू आहेत. आपल्याकडे या व्यवस्थेची तंतोतंत प्रतिकृती नाही. स्कॉलरशिपच्या परीक्षेने मुलास पैसे मिळत, शाळा मिळत नसे. शाळाच निवडून देण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात १९६१ मध्ये साताऱ्यास निघालेल्या सैनिक स्कूलने आणि त्यानंतर त्याच दशकात सुरू झालेल्या शासकीय विद्यानिकेतनांनी केले. परंतु प्रत्येक जिल्ह्यास एक, विनामूल्य, निवासी आणि मुख्यतः खेड्यांतील मुलांसाठी राखलेली अशी निवडक शाळा म्हणावयाची तर जवाहर नवोदय विद्यालयाचेच नाव घ्यावे लागते.

या शाळांच्या प्रवेशासंबंधी आपल्या विभागात जे बोलले जाते ते बहुधा परीक्षेविषयी असते. प्रश्न कोणत्या प्रकारचे असतात, मानसिक क्षमतेचे मापन कितपत विश्वसनीय आहे, शिकवणीने गुण वाढतात काय, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. मात्र रायगड किनाऱ्यावरील एखाद्या खेड्याच्या बाजूने पाहिले असता असे दिसते की, निवडीचा मोठा भाग परीक्षेपूर्वीच, किंबहुना अर्ज भरण्याच्याही पूर्वी, उरकलेला असतो. मूल तिसरीत, चौथीत आणि पाचवीत कोठे बसले होते, यावर तो अवलंबून असतो. ही गोष्ट पालकांस ठाऊक नसते, आणि ठाऊक होते तेव्हा तिच्यावर उपाय उरलेला नसतो. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

प्रथम योजनेचे स्वरूप थोडक्यात. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रायोगिक स्वरूपात दोन विद्यालये सुरू झाली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या कल्पनेस देशव्यापी रूप दिले. तमिळनाडूने ही योजना स्वीकारली नाही. इतरत्र ती बहुतेक जिल्ह्यांत पोहोचली. विद्यालये केंद्र शासनाच्या नवोदय विद्यालय समितीकडे असून सहावी ते बारावीचे वर्ग चालवितात. रायगड जिल्ह्याचे विद्यालय माणगाव तालुक्यात निजामपूर येथे आहे. सहावीत दरवर्षी जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. त्यांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात आणि उरलेल्या सर्वांस गुणानुक्रमे खुल्या असतात. एक तृतीयांश जागा मुलींना द्यावयाच्या असतात. अनुसूचित जाती व जमातींसाठी जिल्ह्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि अलीकडे इतर मागास वर्गांसाठी २७ टक्के, असे आरक्षण आहे.

परीक्षा दोन तासांची, १०० गुणांची व ८० प्रश्नांची असते. मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. मानसिक क्षमतेच्या भागात शब्द जवळजवळ नसतातच. वेगळी आकृती ओळखणे, आरशातील प्रतिमा, घडी घालून भोके पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असे चित्रमय प्रश्न असतात. भाषेचे प्रश्न उताऱ्यांवर असतात. मुलास मराठीत किंवा उर्दूत उत्तरे देता येतात, ही सोय मुरूड तालुक्यासारख्या ठिकाणी, जेथे कोकणी मुसलमान वस्तीतील पुष्कळ मुले उर्दू शाळांत शिकतात, किरकोळ नव्हे. परीक्षेविषयी एवढे पुरे.

आता अर्जाकडे वळू. अर्जदाराने तीन अटी पूर्ण करावयाच्या असतात : तो त्या जिल्ह्याचा रहिवासी असावा, चालू वर्षी त्याच जिल्ह्यातील मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावा, आणि त्याची जन्मतारीख माहितीपुस्तिकेत त्या वर्षासाठी दिलेल्या दोन तारखांच्या दरम्यान असावी. याखेरीज ज्याला ग्रामीण म्हणून गणले जावयाचे आहे त्याने तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्तांची संपूर्ण शैक्षणिक सत्रे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असावी लागतात. यांपैकी एका इयत्तेतील एक दिवसही नागरी भागातील शाळेत गेला असला तर मूल नागरी ठरते. ग्रामीण कोणते आणि नागरी कोणते, हे शासनाच्या अधिसूचनेवरून ठरते. कुटुंब कोठे राहते यावर ते ठरत नाही, शाळेचा पत्ता निर्णायक असतो.

नियमाचा हेतू स्पष्ट आहे व तो योग्यही आहे. ग्रामीण म्हणून राखलेल्या जागा शहरातील सुस्थित पालकांनी गावच्या सातबाऱ्याच्या किंवा शिधापत्रिकेच्या आधाराने बळकावू नयेत, म्हणून राहण्याच्या पुराव्यापेक्षा शिकण्याचा पुरावा मागितला आहे. पण किनाऱ्यावरील खेड्यांत हाच नियम उलट बाजूने कसा लागतो, हे पाहण्यासारखे आहे.

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातील राजपुरी खाडीच्या काठचे गाव. समोरच्या काठावर दिघी असून मधले पाणी फेरीबोटीने ओलांडावे लागते. मासेमारी, थोडी भातशेती, बंदरावरील व रस्त्यावरील कामे आणि मुंबईस गेलेल्या माणसांकडून येणारा पैसा यांवर अशा गावांचा संसार चालतो. गाव ग्रामपंचायतीचे, म्हणून नियमाच्या दृष्टीने ग्रामीण. तालुक्याचे ठिकाण असलेले मुरूड मात्र नगरपरिषदेचे गाव, म्हणून नागरी. वस्तुतः मुरूडचे कोळीवाडे आणि खाडीकाठचे कोळीवाडे यांच्या जीवनमानात असा फरक नाही की ज्यावरून एकातील मुलास साधनसंपन्न व दुसऱ्यातील मुलास वंचित म्हणावे. पण प्रवेशाच्या हिशेबात दोहोंमध्ये एक रेषा आहे आणि ती ओलांडावयास एसटीचे एक तिकीट पुरते.

समजा, अशा गावातील एखाद्या मच्छीमाराची मुलगी अभ्यासात चांगली आहे. तिच्या हुशारीची दखल प्रथम कोण घेतो? बहुधा गावातील शिक्षकच. तिसरी-चौथीत असता ते आईबापांस सांगतात की, पोर हुशार आहे, तिला चांगल्या शाळेत घाला. चांगली शाळा म्हणजे मुरूडची, मग ती इंग्रजी माध्यमाची असो किंवा मोठ्या हायस्कुलाची. आईबाप गाडीभाड्याची तजवीज करून तिला तेथे घालतात. पुढे पाचवीत कोणी नवोदयची गोष्ट काढतो, अर्ज भरला जातो, आणि पत्ता आगरदांड्याचा, आधारकार्ड आगरदांड्याचे, म्हणून 'ग्रामीण' या रकान्यात खूण केली जाते. मुलगी उत्तीर्ण होते. निवड झाल्यावर कागदपत्रांची तपासणी होते, तेव्हा तिसरी ते पाचवीचे दाखले मागितले जातात आणि त्यांवर शाळेचे ठिकाण मुरूड असते. निवडयादीतील नाव हे अटी पूर्ण होण्याच्या बोलीवर असते, त्यामुळे ते रद्द होऊ शकते. हे उदाहरण कल्पित असले तरी त्यातील प्रत्येक पायरी नियमानुसार घडणारी आहे. मुलीस पुढे नेण्यासाठी आईबापांनी जी पहिली धडपड केली, तिनेच ती ८० जागांच्या स्पर्धेतून उरलेल्या २० जागांच्या स्पर्धेत लोटली गेली, आणि त्या २० जागांसाठी जिल्ह्यातील सर्व शहरे आणि सर्व खेडी एकत्र उतरलेली असतात. पनवेलसारख्या महानगरपालिकेच्या क्षेत्रातील मुले तिचे प्रतिस्पर्धी होतात.

यात दोष कोणाचा, असा प्रश्न केल्यास आईबापांकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु आपल्या प्राथमिक शाळांच्या रचनेकडे पाहिले तर ते अन्यायाचे ठरेल. महाराष्ट्रात पहिली ते चौथी हा प्राथमिक शिक्षणाचा पहिला टप्पा मानण्याची परंपरा जुनी आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवी प्राथमिकच मानली, तरी पुष्कळ लहान गावांतील जिल्हा परिषदेची शाळा आजही चौथीपर्यंतच असते. अशा ठिकाणी पाचवीस मुलाने शाळा बदलणे हे क्रमप्राप्तच आहे, त्यात पालकांच्या निवडीचा भाग नसतो. पाचवीचा वर्ग जर जवळच्या दुसऱ्या ग्रामपंचायतीच्या गावात असेल तर काही बिघडत नाही. तो नगरपरिषदेच्या हद्दीतील हायस्कुलात असेल तर तिसरी व चौथी गावात काढूनही मूल नागरी ठरते. शाळा चौथीवर थांबते आणि अट पाचवीपर्यंत चालते, या एका इयत्तेच्या फटीत किती मुले पडतात हे मोजण्यासारखे आहे.

रेषा स्वतःही स्थिर नाही. अलीकडच्या काळात राज्यातील तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर झाले. रायगड जिल्ह्यात तळा, म्हसळा, माणगाव ही गावे अशा रीतीने ग्रामीणांतून नागरी झाली. आगरदांड्याहून तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील किंवा खाडीपलीकडे म्हसळ्याकडील खेड्यांतील ज्या पालकांनी मुरूडऐवजी ही ठिकाणे पाहिली असतील त्यांस हे ध्यानात घ्यावे लागते. शाळेची इमारत, शिक्षक, फळा आणि मुले तीच राहून शाळेचे वर्गीकरण तेवढे बदलते. मोठ्या भावंडाने ज्या शाळेतून ग्रामीण म्हणून अर्ज केला होता तेथूनच धाकट्यास तो करता येत नाही, हे समजावून सांगणे शिक्षकासही कठीण जाते.

दुसरा प्रश्न संपूर्ण सत्राचा. डोंगरउतारावरील कातकरी वाड्यांतील कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर वा कोळसा पाडण्याच्या कामावर बाहेर पडतात आणि पावसापूर्वी परततात. मुले बरोबर जातात. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींस विशेष दुर्बल आदिवासी गट म्हणून मान्यता आहे त्यांत कातकरी आहेत, आणि अनुसूचित जमातीसाठी राखलेल्या जागांवर त्यांचा हक्क आहे. परंतु सत्राचा उत्तरार्ध जेथे भट्टीवर जातो तेथे हजेरी तुटते, आणि परीक्षा तर डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास असते. मूल त्या वेळी गावात नसते. भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात असली तर अधिक अडचण. हंगामी वसतिगृह किंवा गावात आजी-आजोबांकडे मूल ठेवण्याची सोय झाली तरच त्याचे नाव अर्जात आणि हजेरीत एकाच वेळी राहू शकते. माझ्या मते या एका वर्गापुरता तरी परीक्षेच्या तयारीपेक्षा हजेरीचा प्रश्न अगोदरचा आहे.

जन्मतारखेविषयी थोडे. शाळेच्या जनरल रजिस्टरातील तारीख, जन्मदाखला आणि आधारकार्ड यांत मेळ असावा लागतो. ज्या काळी जन्माची नोंद नसलेल्या मुलांची तारीख गुरुजी सरसकट १ जून लिहीत त्या काळाचे अवशेष अद्याप पुरते गेलेले नाहीत. वयाची मर्यादा सर्व प्रवर्गांस सारखीच असून तीत सूट नाही, त्यामुळे अंदाजाने लिहिलेले एक वर्ष मुलास कायमचे बाहेर ठेवू शकते. शिवाय ही परीक्षा सहावीच्या प्रवेशासाठी एकदाच देता येते. पाचवीत पुन्हा बसून दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यास मनाई आहे. म्हणून तारखेची दुरुस्ती करावयाची असल्यास ती दुसरी-तिसरीतच करून घेणे इष्ट. पाचवीत ग्रामपंचायत, शाळा आणि आधारकेंद्र यांच्या फेऱ्यांस वेळ पुरत नाही.

जातीच्या दाखल्याचीही गोष्ट अशीच आहे. किनाऱ्यावरील कोळी समाजाचा उल्लेख येथे अवश्य करावयास हवा. राज्याच्या व्यवस्थेत कोळी समाजाच्या काही पोटजाती विशेष मागास प्रवर्गात येतात. हा प्रवर्ग राज्याचा आहे, केंद्राच्या आरक्षणात त्या नावाचा स्वतंत्र प्रवर्ग नाही. महादेव कोळी ही मात्र अनुसूचित जमात आहे. नवोदय केंद्राची संस्था असल्यामुळे इतर मागास वर्गाचा लाभ घेण्यासाठी केंद्रीय यादीतील नोंद आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखला, शिवाय नॉन-क्रिमीलेअरचा पुरावा, लागतो. नावात साम्य आहे म्हणून प्रवर्गातही साम्य असेल असे गृहीत धरून अर्जात खूण करणे धोक्याचे आहे. दाखला मिळविण्यास पूर्वजांच्या जातीचा जुना पुरावा शोधावा लागतो, आणि तो पुष्कळदा आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात सापडतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर शोध लांबतो.

अर्ज भरण्याचा काळ साधारणतः पावसाळ्यात येतो. पूर्वी छापील अर्ज मुख्याध्यापकांमार्फत तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाकडे जात. आता तो संगणकावरून भरावा लागतो. त्यास शुल्क नाही. मुलाचे छायाचित्र, मुलाची व पालकाची सही आणि मुख्याध्यापकांनी भरून दिलेला दाखला जोडावयाचा असतो. मासेमारीवर पावसाळी बंदी असते ते जून-जुलैचे दिवस या दृष्टीने एका अर्थी सोयीचे आहेत, कारण बाप होडीवर नसून घरी असतो. नारळी पौर्णिमेनंतर तो सापडणे कठीण. मात्र हेच दिवस हातात पैसा नसण्याचे आणि ज्यांची शेती आहे त्यांच्या लावणीचे. वीज आणि मोबाइलचे जाळे पावसात रुसते, हेही सांगावयास हवे. बहुतेक पालक संगणककेंद्रावर जाऊन अर्ज भरून घेतात. तेथला मुलगा टंकलेखनात तरबेज असतो, परंतु 'क्षेत्र : ग्रामीण किंवा नागरी' या रकान्याचा अर्थ त्यास ठाऊक असेलच असे नाही. तो पत्ता विचारतो व खूण करतो. गेल्या काही वर्षांत अर्जाची मुदत संपल्यावर प्रवर्ग, क्षेत्र, परीक्षेचे माध्यम अशा मोजक्या बाबींत दुरुस्ती करण्यास थोडे दिवस दिले जातात. हे ठाऊक असलेला मुख्याध्यापक त्या दिवसांत आपल्या शाळेचे सर्व अर्ज पुन्हा एकदा पाहून घेतो. ही एक साधी कृती, पण शिकवणीच्या अनेक तासांइतकी मोलाची.

मुख्याध्यापकाचे स्थान या सर्व व्यवहारात मध्यवर्ती आहे. मूल कोणत्या इयत्तेत, कोणत्या शाळेत, कोणत्या गावी शिकले हे तोच प्रमाणित करतो. येथे इंग्लंडशी तुलना उद्‌बोधक ठरेल. केंटमध्ये परीक्षेत थोडक्यात मागे राहिलेल्या मुलाचे वर्गातील काम आणि मुख्याध्यापकाचे मत पाहून फेरविचार करण्याची पद्धत आहे. तिच्यावरही टीका होते, कारण ज्या शाळांचे मुख्याध्यापक या कामी उत्साही असतात तेथील मुलांस तिचा लाभ अधिक होण्याचा संभव असतो. तरीही एका सकाळच्या गुणांपलीकडे मुलाविषयी कोणी बोलू शकतो, हे तत्त्व तेथे मान्य आहे. आपल्याकडे मुख्याध्यापक मुलाच्या बुद्धीविषयी काहीच सांगू शकत नाही. तो केवळ त्याच्या स्थानाविषयी व काळाविषयी साक्ष देतो. लाखो अर्जांच्या व्यवस्थेत शिफारशीस वाव दिला तर वशिल्यास दार उघडेल, ही भीती रास्त आहे. परंतु मग जी साक्ष मागितली जाते तिचा अर्थ साक्षीदाराने पालकांस वेळीच सांगावा, ही अपेक्षाही तितकीच रास्त मानली पाहिजे. ती वेळ म्हणजे मूल दुसरीतून तिसरीत जाते ती.

पालकास मदत करणे याचा अर्थ केवळ कागद जमविणे असा नाही. मूल दहा-अकरा वर्षांचे असता घर सोडणार असते. निजामपूर आगरदांड्याहून त्याच जिल्ह्यात असले तरी खाडी ओलांडून वा वळसा घालून जावे लागते, आणि भेटीचे दिवस ठरलेले असतात. आठवीपर्यंत मातृभाषेतून चालणारे शिक्षण पुढे गणित व विज्ञान या विषयांत इंग्रजीतून होते. नववीत काही मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील नवोदयमध्ये पाठविले जाते, म्हणजे मराठी मूल हिंदी मुलखात जाते. ही देवाणघेवाण योजनेच्या मूळ कल्पनेचाच भाग आहे आणि तिचे मोलही मोठे आहे. पण हे सर्व आईबापांना, विशेषतः मुलीच्या आईबापांना, अर्जाच्या वेळीच सांगितलेले बरे. निवड झाल्यानंतर घरातून नकार आला तर प्रतीक्षायादीतील दुसऱ्या मुलाला जागा मिळते हे खरे, परंतु पहिल्या मुलाच्या मनावर जो घाव बसतो तो कोणत्याही यादीत नोंदला जात नाही. मुलाला स्वतःला जावयाचे आहे काय, हा प्रश्न तर फारच थोडे लोक विचारतात.

कोकणात परीक्षेने वर चढण्याची परंपरा जुनी आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले, ही कथा या जिल्ह्यातील शिक्षक अजून सांगतात. तीत सांगितले जात नाही ते हे की, देशमुखांचे वडील वकील होते आणि कोणता कागद कोठे लागतो हे ज्या घरात उपजत ठाऊक असते अशा घरांपैकी ते घर होते. नवोदयची योजना ज्या घरांसाठी आखली गेली त्यांत असे ज्ञान नसते, हेच तर तिचे गृहीतक आहे.

ज्या विद्यार्थ्यांस या विषयात काम करावयाचे असेल त्यांनी निकालाच्या याद्यांपासून आरंभ करू नये. याद्यांत जे निवडले गेले त्यांचीच नावे असतात. मुरूड तालुक्यातील चौथीपर्यंतच्या शाळांची जनरल रजिस्टरे काढून शाळा सोडणाऱ्या मुलांच्या नोंदी पाहाव्यात. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात बहुधा 'पुढील शिक्षणासाठी' एवढेच लिहिलेले आढळेल. ती मुले पाचवीस ग्रामपंचायतीच्या गावी गेली की नगरपरिषदेच्या, हे त्या शब्दांवरून कळत नाही. ते पुढच्या शाळेच्या रजिस्टरात शोधावे लागेल, आणि दोन्ही रजिस्टरे एकत्र ठेवून मुले मोजल्याखेरीज या जिल्ह्यातील ग्रामीण अर्जदार म्हणजे नेमके कोण, हे सांगता येणार नाही.